तो आधी कसा होता?

लातूर

प्रिय दादा,


‘पोराला काही नाद तर लागला नसेल?’ एवढं विचारून तू फोन ठेवलास. हे फोनवर नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहिते.

इथल्या ट्यूशन एरियात काय, तुमच्या नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरात काय, नीट परीक्षेची पोरं भाड्याच्या रूमवर राहतात आणि मेसला जेवतात. रूममेट नवा, क्लासची बॅच मोठी. पोरगा आधी कसा होता, हे इथे कुणालाच ठाऊक नसतं. व्यसन पुडी सापडण्याच्या कितीतरी आधी वागण्यात दिसतं, आणि तो फरक तुला नि वहिनीलाच कळेल.

खुणा अशा: दिवसा झोप, रात्री जाग. मेसचे पैसे भरूनही पुन्हा पैशांची मागणी, आणि दर वेळी कारण वेगळं. जुने मित्र तुटलेले. साध्या प्रश्नावर चिडचिड. तिखट खाताना तोंड जळतं, तोंड पूर्ण उघडत नाही, ही गुटख्याची खूण. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते. पैसे लावायच्या मोबाइल गेमवर 2025 मध्ये बंदीचा कायदा झाला, तरी पोरं खेळतात; मित्रांकडून सारखी उसनवारी होत असेल तर तेही विचार.

पण एका खुणेवरून शिक्का मारू नकोस. परीक्षेचा ताण, घरची आठवण, नैराश्य यांतही पोरं अशीच वागतात. बरेच बदल एकदम दिसले आणि आठवडे गेले तरी टिकले, तर थांबू नकोस. कारण काहीही निघालं, तरी मदत लागणारच.

त्याची बॅग उचकू नकोस, रूममेटसमोर बोलू नकोस. फीसाठी तू कर्ज काढलंस, हे त्याला माहीत आहे. त्या ओझ्यापायीच पोरं लपवतात. म्हणून आधी सांग, ‘नीट सुटली तरी चालेल, तू हवास.’ मग विचार.

त्याने कबूल केलं तर शपथा घालू नकोस. दारूची किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय जुनी असेल तर ती एकदम बंद केल्यावर झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना दाखवू. 14416 या टेली-मानस हेल्पलाइनच्या नंबरवर रात्री-अपरात्रीही मराठीत फुकट बोलता येतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये पुण्यात उभं केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच. तिथे व्यसन हा आजार मानून उपचार होतात, आणि घरच्यांनाही त्यात सामील करून घेतात.

शनिवारी एसटीने ये, मुक्कामाला थांब. मी आधी रूमवर जाणार नाही, मला बघून तो सावध होईल. पहिला प्रश्न तूच विचार.

तुझी,
माई