घशाचा आशीर्वाद आणि दम्याचा पंप

३ फेब्रुवारी, संत ब्लेझ यांचा सण. दोन मेणबत्त्या एकमेकींवर आडव्या धरून मी मुलांच्या गळ्यांना आशीर्वाद देत होतो. रांगेत आमचा दहा वर्षांचा वेदीसेवक आला आणि माझी मान खाली गेली.

मागल्या पावसाळ्यात, २९ जूनला, संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या मिस्सेत धूपपात्र त्याच्या हाती होते. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. वर्गातली सर्दी त्यालाही लागली होती. मिस्सा संपता संपता तो खोकू लागला. डॉक्टरांनी रोज घ्यायला दिलेला पंप, 'सवय लागते' म्हणून आजीने कपाटात ठेवला होता. आईने मला विचारले. "सर्दी उतरली की धापही थांबेल," असे मी म्हणालो.

त्याच रात्री भर पावसात त्याला रिक्षातून रुग्णालयात न्यावे लागले. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. एक वाक्यही पुरे बोलता येत नव्हते. औषधाची वाफ व प्राणवायू मिळाला, तेव्हा कुठे पहाटे त्याचा डोळा लागला.

डॉक्टरांनी मला शांतपणे समजावले. मुलांचा दमा उसळण्याचे सर्वांत मोठे कारण साधी सर्दीच असते. दम्याच्या मुलाच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात. सर्दीच्या विषाणूने ती सूज वाढते, कफ साचतो, नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. त्यात धूप, उदबत्ती, चुलीचा वा विडीचा धूर म्हणजे आगीत तेल. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. रोजचा पंप सूज आटोक्यात ठेवतो. त्याचे व्यसन लागत नाही, आणि औषध थेट फुफ्फुसात जात असल्याने मात्राही अल्प पुरते. धाप लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा. ओठ निळसर झाले किंवा बोलणे तुटू लागले, तर क्षणभरही थांबू नये.

संत ब्लेझ हे बिशप होते, तसेच वैद्यही होते, अशी परंपरा आहे. हे प्रवचनात मी अनेकदा सांगितले होते. त्या आईला उत्तर देताना मात्र विसरलो. मी त्या आजींकडे जाऊन माझी चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही म्हणालात म्हणून मला धीर आला होता." ते वाक्य अजून बोचते.

आता सर्दी झालेल्या मुलाच्या हाती आम्ही धूपपात्र देत नाही. त्या दिवशी आशीर्वाद देऊन झाल्यावर मी त्याला हळूच विचारले, "सकाळचा पंप घेतलास ना, बाळा?" त्याने मान डोलावली, आणि मग मी पुढच्या मुलाकडे वळलो.