कांद्यावरचा जवळा

पापलेटाची गोष्ट निराळी. कोळीण त्याचे पोट चिरते, आतडी काढून टाकते. जवळा मात्र डोक्यापोटासकट कांद्यावर पडतो. आणि माशांत प्लास्टिकचे बारीक कण सापडतात ते बहुतेक पोटातच! रिचर्ड थॉम्प्सन या इंग्रज शास्त्रज्ञांनी २००४ साली अशा कणांना ‘मायक्रोप्लास्टिक’ म्हटले. त्यांत जाळ्यांच्या नायलॉनचे धागे असतात, तसे धुण्यात झडलेले पॉलिएस्टरचेही.

“म्हणजे तुमचा सदरा तुमच्याच ताटात!” सौ. म्हणाली.

खरे आहे. पण पापलेट परवडणाऱ्याला निदान कोयता तारतो. महिनाअखेरीस जवळ्यावर भागवणाऱ्या घरांचे काय? आमच्या नातवाला तर जवळाच आवडतो. वाढताना सौ.चा हात हल्ली क्षणभर थांबतो. मग ती वाढते, आणि तो आणखी मागतो.