‘तू जाऊन ये’

जोडीदार वाटेत थांबला, तर आपण पुढे जावे का? दीर्घ आजाराची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो.

माझ्या यजमानांना कंपवात आहे. गेल्या मे महिन्यात लेकीकडे जर्मनीस गेलो असता शनिवार-रविवार गाठून आम्ही उभयता अथेन्सला गेलो. तेथील घड्याळ जर्मनीच्या एक तास पुढे. म्हणून लेव्होडोपाची गोळी घड्याळाकडे न पाहता दोन मात्रांमधले तास मोजून दिली. आपणही प्रवासात हेच करावे.

ऊन चढण्यापूर्वीच अक्रोपोलिसची टेकडी गाठली. असंख्य पावलांनी तेथील दगड गुळगुळीत झाला आहे आणि कंपवातात तोल जाण्याचे भय मोठे. अर्ध्या वाटेवर यजमान सावलीत बसले व म्हणाले, “तू जाऊन ये.”

पाणी, गोळ्या, फोन त्यांच्या हाताशी ठेवून मी एकटी वर गेले. इसवी सनापूर्वी ४४७मध्ये आरंभलेले पार्थेनॉन डोळे भरून पाहिले. परतले तेव्हा ते म्हणाले, “आता सांग.” त्यांचा चेहरा प्रसन्न होता.

रविवारी पायथ्याच्या संग्रहालयात लिफ्टने वरच्या मजल्यावर गेलो. काचेच्या भिंतीतून तेच मंदिर दोघांनी बसून पाहिले.

रुग्णाची सुरक्षित सोय लागली असेल, तर त्याचे ‘तू जाऊन ये’ निःशंक मनाने स्वीकारा. आजाराने त्याच्याकडून पुष्कळ हिरावलेले असते. आपल्या माणसाला काही देण्याचे समाधान तरी त्याच्याकडे राहू द्या.