गाळ आणि गंगा

आम्हा दौंड-शिरूरच्या माणसांना कालवा म्हणजे पाण्याची पाळी. मुठेच्या कालव्याला आवर्तन सुटले की दौंडचा शेतकरी रात्र जागवितो. घोड धरणाखाली शिरूरकरांचीही तीच तऱ्हा. बेल्जियममधील ब्रूज नगरीत आम्हाला एकच दिवस लाभला. तेथील कालव्यांतून मात्र प्रवाशांच्या नावा तेवढ्या फिरत होत्या.

एकेकाळी ज्विन खाडीमार्गे येथे इंग्लंडची लोकर येई, इटलीचे सावकार पेढ्या मांडीत. पुढे खाडी गाळाने भरली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्यापार अँटवर्पकडे वळला. जुनी घरे पाडून नवी उभारण्याइतके धन नगरीपाशी उरले नाही. त्या दारिद्र्यानेच तिचे रूप राखले. २००० साली ती जागतिक वारसा ठरली.

पवित्र मरियेच्या मंदिरात मायकेलअँजेलोने घडविलेली संगमरवरी माता आहे. बाळ येशू तिच्या मांडीवरून उतरून पाऊल पुढे टाकू पाहतो. ती त्याचा हात हलकेच धरते, अडवीत नाही. १७९४ व १९४४ साली परकीय सैन्यांनी ही मूर्ती नेली. दोन्ही वेळा ती परतली.

ह्याच वेस्ट फ्लँडर्स प्रांतात १९०९ साली फादर कामिल बुल्के जन्मले. भारतात येऊन ते तुलसीदासांचे अभ्यासक झाले, भारताचे नागरिक झाले आणि १९८२ साली दिल्लीत निवर्तले. ते मात्र परतले नाहीत.

आमच्या धर्मग्रामातील मुलेही पुण्या-मुंबईस, आखातात जातात. मागे राहिलेल्या माता आम्हांस विचारतात, "फादर, लेकरू परत येईल का?" तसे वचन आम्हांस देववत नाही. अडून राहिलेल्या पाण्याचा गाळ होतो आणि वाहते पाणी कुणाचे तरी शेत भिजविते, एवढेच आम्ही सांगतो. मग त्या मातेसह जपमाळ हाती घेतो.