पहिलीचा, दुसरीचे

पावसाळ्याआधी आवराआवर करताना पत्र्याची ट्रंक उघडली आणि कुबट वास अंगावर आला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने बोर्लीच्या घराची कौलं नेली, तेव्हा ती भिजली होती. आत दोस्तोएव्हस्कीच्या 'ब्रदर्स करामाझोव'ची इंग्रजी प्रत फुगून बसलेली, आणि तिच्यात एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर माझ्या अक्षरातली नावांची यादी.

अक्षर माझं, मांडणी आत्याची. दिवे गेले की ती पडवीत कंदिलाशी सुपाऱ्या सोलत बसायची आणि मी वाचलेलं तिला मराठीत सांगायचो. मित्या म्हणजेच दिमित्री फ्योदोरोविच, ग्रुशेंका म्हणजेच आग्राफेना अलेक्झांड्रोव्हना, इथे मी अडखळायचो. तिला त्याचं काहीच वाटत नसे. घरात हाक मारायचं एक नाव, कागदावर दुसरं, मधे बापाचं. गावात सगळ्यांचं तसंच होतं. तिने फक्त आया विचारल्या.

"मित्या पहिलीचा. इव्हान नि अल्योशा दुसरीचे. आणि तो स्वयंपाक करणारा?"

स्मेर्द्याकोवला मी खाली, नोकरांत लिहिलं होतं.

"तिथे नको. भावांच्या ओळीत घाल."

"आत्या, ती नुसती गावातली कुजबुज आहे."

"घाल म्हटलं ना."

ही कादंबरी जानेवारी 1879 ते नोव्हेंबर 1880 या काळात 'रूस्की व्हेस्तनिक' मासिकात हप्त्यांनी आली. तेव्हाच्या वाचकांनी एवढी माणसं जवळजवळ दोन वर्षं मनात सांभाळली. त्याआधी, मे 1878 मध्ये, दोस्तोएव्हस्कीचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अपस्माराने गेला होता. त्याचं नाव अल्योशा. हे कळल्यावर धाकट्या करामाझोवसाठी मला यादी लागली नाही.

माझ्याकडच्या नव्या आवृत्तीत आरंभीच पात्रसूची छापली आहे. तिच्यात स्मेर्द्याकोव तळाशी, घरगडी. मला त्या सूचीचा मनापासून राग आहे. लोक त्याला पावेल फ्योदोरोविच म्हणतात, या भावांच्या बापाचं, म्हाताऱ्या फ्योदोरचंच नाव लावून, आणि म्हातारा बाप असल्याचं नाकारतो पण त्या नावाला हरकत घेत नाही. कादंबरीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे!

आमच्या वाडीत शिंपण्याला एक जण होता. मागच्या दारी वाढलेला. बाकीचे गडी पडवीत जेवायचे. त्याचं पान आत्या माजघरात मांडायची, आणि कुणी काही बोलत नसे. आमच्या छापील कुलवृत्तांतात आजोबांच्या नावाखाली तो नाही. गावातही तो टोपणनावानेच ओळखला जायचा. जुनी मतदारयादी मिळाली, तर त्याच्या नावापुढे बापाचं नाव काय लावलंय ते बघायचं आहे.