सारवलेली भिंत

मुलांनो, गेल्या वर्षी माझी नात केनियाला गेली. ती नर्स आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, होमा बे भागातल्या एका खेड्यात ती तीन महिने राहिली. तिथे आईबापांना मोठी धास्ती हिवतापाची, म्हणजे मलेरियाची. आफ्रिकेत या तापाने दगावणाऱ्या चार जणांत तीन तरी पाच वर्षांखालची मुलं असतात.

एका रात्री तिचा फोन आला. आवाज चढलेला. "आजी, औषध लावलेल्या मच्छरदाण्या फुकट मिळतात, आणि इथल्या काही बाया त्यांवर मासळी वाळवतात!" ओमेना नावाची ती बारीक मासळी, आपल्या मांदेलीएवढी.

मी म्हटलं, "रागावू नकोस गं. आधी माझं ऐक."

१९५८च्या सुमाराची गोष्ट. आम्ही रेवदंड्याजवळ राहत होतो. श्रावणात सरकारी माणसं पंप घेऊन आली आणि भिंतींवर डीडीटी मारून गेली. भिंतींवर पांढरे डाग उठले. पुढे नव्याचा सण आला. सणाला घर स्वच्छ हवं, म्हणून आईने भिंती शेणमातीने छान सारवून काढल्या. त्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या धाकट्या भावाला थंडी वाजून ताप भरला. तिसऱ्या दिवशी झटके आले. तो तीन वर्षांचा होता. गेला.

पुढे मी शिक्षिका झाले. डास चावल्यावर भिंतीवर बसतो, तिथलं औषध लागून मरतो आणि सारवलं की ते औषध झाकलं जातं, हे तेव्हा वाचलं. घरी येऊन मोठ्या हुशारीने आईला सांगितलं. आई काही बोलली नाही. हातातलं सूप खाली ठेवून ती परसात गेली. भिंतीमुळेच तसं झालं, हे कोणीच सांगू शकत नाही. पण वेळेवर तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी सांगितलं ते नको त्या वेळी. ते मला आजही बोचतं.

नातीने दुसऱ्या दिवशी बायांना नुसतं विचारलं. मासळीखालच्या बहुतेक मच्छरदाण्या जुन्या, फाटलेल्या निघाल्या. औषधाचा जोर साधारण तीन वर्षंच टिकतो. एका घरी मात्र नवी मच्छरदाणी पिशवीतच होती. खोली एकच, तिथेच चूल, तिथेच चटईवर चार मुलं, टांगायची कुठे? मग गावातल्या आरोग्यसेविकेने दोऱ्या बांधून दिल्या. दिवसा गुंडाळून वर, रात्री खाली, कडा चटईखाली खोचलेल्या. हा डास मुख्यतः रात्री चावतो. ताप आला तर थांबायचं नाही. बोटातल्या थेंबभर रक्तावरून पंधरा-वीस मिनिटांत कळतं आणि गोळ्या लगेच सुरू होतात.

आता लसही आहे. होमा बेमध्ये २०१९ पासून देतात. पहिला डोस सहाव्या महिन्यात, एकूण चार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली शिफारस केलेली दुसरी लस तर आपल्या पुण्यात बनते. तरी मच्छरदाणी लागतेच.

परत आल्यावर नात म्हणाली, "आजी, तुझ्या भावाचं नाव काय होतं?" तोवर घरात कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं.

तुम्हीही घरी विचारा: सारवणे म्हणजे काय, आणि हिवताप कोणाला आला होता. उत्तर मराठीत लिहून आणा.