तांब्याच्या चाकावरची फीत

हिचा जन्म डोळ्यांनी टिपायचा म्हटलं तर जमायचं नाही. आर्गॉन भरलेल्या बंद पेटीत निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचा तप्त रस बारीक भोकातून गरगरत्या तांब्याच्या चाकावर पडतो आणि पापणी लवायच्या आत फीत होऊन पलीकडे उडतो. सेकंदाला सुमारे दहा लाख अंश, असा तो थंड होण्याचा वेग. लोहार लाल विळा पाण्यात बुडवतो, ते यापुढे अगदी निवांत काम.

फीत तरी केवढी? दीडेक मिलिमीटर रुंद, तीस-चाळीस मायक्रॉन जाड. चिमटीत धरून वाकवली की कट्‌कन मोडते. पण स्वभाव कमालीचा हट्टी! एकदा चुंबकत्व अंगात भिनलं की उलटं क्षेत्र लावूनही सहजी वळायची नाही. प्रयोगशाळेत याला कोअर्सिव्हिटी म्हणतात.

हा हट्ट सगळा त्या चाकाच्या वेगावर. चाक मंद फिरलं तर आतले स्फटिककण फुगतात आणि बाई नरमते. फारच जोरात फिरलं तर कण धरायलाच सवड मिळत नाही, फीत काचेसारखी होते आणि हट्ट जवळजवळ नाहीसा. (अशीला मग बेताने तापवलं की ती ताळ्यावर येते.) मधला वेग साधला, सेकंदाला वीसेक मीटर, की कण तीसेक नॅनोमीटरचे राहतात, मग खरी जिद्द.

एक उणीव मात्र आहे. कणांची तोंडं दाही दिशांना, त्यामुळे ताकदीत ती सख्ख्या भावाच्या मागे पडते. हा भाऊ जपानच्या मासातो सागावांचा, भुकटी दाबून भाजलेला. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी हिला घडवलं. दोघांची वार्ता 1983च्या नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या एकाच परिषदेत फुटली. पण दिशेचा आग्रह नसल्यामुळेच हिच्या भुकटीत इपॉक्सी कालवून कडं पाडलं, की त्यावर हवे तितके ध्रुव हव्या त्या जागी उमटवता येतात. भावाला हे इतक्या सहज जमत नाही.

जुनी हार्ड डिस्क भंगारात देण्याआधी उघडून पाहा. बोट चिमटणारे चकचकीत तुकडे भावाचे. तबकडी फिरवणाऱ्या मोटरच्या आत बसलेलं काळपट, मळकट कडं बहुतेक हिचं.